वनतज्ज्ञ खासगी रानमालकाच्या बांधावर यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय शेतकरी व रानमालक यांच्यासाठी आपली उभी कारकीर्द वेचणारे वनतज्ज्ञ आहेत. त्यांच्या कामाकडे कोकणातील वाचकांचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र.

1910 च्या सुमारास तेथील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांकडे सुमारे दीड कोटी एकर जमीन होती. पुढे तिचा फार मोठा भाग हातचा गेला. कर्ज आणि सरकारी मदत देताना झालेला भेदभाव हे त्याचे एक कारण. दुसरे आपल्या चांगल्याच ओळखीचे आहे. मूळ मालक मृत्युपत्र न करता वारला की जमीन सर्व वारसांत सामाईक राहते, पिढीगणिक हिस्सेदार वाढतात आणि त्यांतले कितीतरी दूरच्या शहरांत असतात. मग एखाद्या त्रयस्थाने एकाच वारसाचा हिस्सा घ्यायचा, न्यायालयात वाटप मागायचे आणि वाटप शक्य नाही म्हणून अख्खी जमीन लिलावात काढायला लावून पडत्या भावात पदरात पाडून घ्यायची, असे वर्षानुवर्षे चालले. याला आळा घालणारा नमुना कायदा 2010 मध्ये तयार झाला. साउथ कॅरोलिनाने तो 2016 मध्ये केला.

त्याच राज्यातील चार्ल्सटन येथे अशा वारसा जमिनींसाठी 2005 पासून काम करणाऱ्या संस्थेत वकिलांच्या जोडीला पुढे वनतज्ज्ञही आले. हा वनतज्ज्ञ मालकाबरोबर रानात फिरतो, छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजतो, कोणते पाइन विरळणीत काढायचे आणि कोणते राखायचे ते खुणा करून दाखवतो. आज कागदाच्या लगद्याच्या भावाने जाणारे झाड आणखी काही वर्षे राखले तर कापीव लाकडाच्या, म्हणजे कितीतरी चढ्या भावाने जाते, हे मालकाला तोवर कोणी सांगितलेलेच नसते. दारात आलेल्या पहिल्या व्यापाऱ्याला तो सारे रान देऊन मोकळा होतो. वनतज्ज्ञ बंद लिफाफ्यातील निविदा मागवायला लावतो. या उत्पन्नातून जमिनीचा कर भरला जातो, आणि रान पैसे देते असे दिसले की विखुरलेले भाऊबंदही कागदपत्रांवर सह्या करायला पुढे येतात. मला या कामाचे सर्वांत मोठे यश यातच दिसते.

आपल्याकडे सातबाऱ्यावर दहा-वीस नावे, निम्मे हिस्सेदार मुंबईत, आणि उभे रान ठोक किमतीत ठेकेदाराला, हे चित्र गावोगावी आहे. रानमालकाचा वनखात्याशी संबंध येतो तो बहुधा तोडीच्या परवानगीपुरता. दापोलीच्या वनशास्त्र महाविद्यालयातून पदवीधर बाहेर पडत आहेत. त्यांतील काहींची प्रत्येक तालुक्यात केवळ खासगी रानमालकांच्या सल्ल्यासाठी नेमणूक करावी आणि वारसनोंदीच्या कामासाठी तलाठी कार्यालयाशी त्यांची सांगड घालावी, अशी माझी शासनाला कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, चिपळूण