हसू आणि आसू वेगळे काढू नका

महोदय,

दिवाळी अंकांच्या अनुक्रमणिकेत ‘कथा’ आणि ‘विनोदी कथा’ असे वेगळे रकाने पाहिले की वाईट वाटते. कसदार लेखनात दोन्ही रस एकाच वाक्यात नांदतात. पु. ल. देशपांडे यांचा अंतू बर्वा घ्या. घरात वीज आली का, असे विचारल्यावर तो म्हणतो, काळोख आहे तोच बरा. उजेडात बघायचे काय, पोपडे उडालेल्या भिंती आणि गळकी कौलेच ना? आपण हसतो, आणि हसू ओसरायच्या आत त्या घरातले दारिद्र्य अंगावर येते. लेखक कुठेही गळा काढत नाही. रत्नागिरीचा तो तिरकसपणाच म्हाताऱ्याचे दुःख झाकतो आणि उघडेही करतो. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो या ताकदीसाठीच, असे मी मानते.

आजच्या अनेक कथांत मात्र आधी पानभर कोट्या आणि शेवटी एक मृत्यू, अशी जोडणी दिसते. ते दुःख बाहेरून चिकटवलेले वाटते. संपादकांनी नव्या लेखकांकडे ‘काहीतरी विनोदी द्या’ अशी मागणी करणे कृपया थांबवावे.

– एक वाचक, सांगली