पीपीटी पोचते, व्हिडिओ घरीच राहतो

मा. संपादक, स. न.

सिंहस्थाच्या नियोजनाचे सादरीकरण असो, द्राक्ष बागायतदारांचे चर्चासत्र असो की महाविद्यालयातला प्रकल्प, वक्ता व्हिडिओची स्लाइड लावतो आणि पडद्यावर 'मीडिया नॉट फाउंड' उमटते. मग प्रोजेक्टर, केबल आणि सभागृहाचा ऑपरेटर या तिघांना बोल लावला जातो. बिचाऱ्यांचा काही दोष नसतो. व्हिडिओ त्या फाइलमध्ये आलेलाच नसतो.

व्हिडिओ 'लिंक' केला की पॉवरपॉइंट तो साठवत नाही, फक्त त्याचा पत्ता टिपून ठेवते, उदाहरणार्थ डी ड्राइव्हमधले अमुक फोल्डर. दुसऱ्या संगणकावर तो पत्ता शोधणे म्हणजे पंचवटीतले घर सिडकोत शोधणे. फसगत होते ती व्हिडिओच्या पहिल्या चित्रामुळे. ते स्लाइडवर दिसत राहते, म्हणून सगळे ठीक वाटते. फाइलचा आकार मात्र खरे सांगतो: दहा मिनिटांचा व्हिडिओ असलेली पीपीटी ३-४ एमबीची असेल, तर व्हिडिओ आत नाही.

२००७ पर्यंतच्या पॉवरपॉइंटमध्ये व्हिडिओ लिंकच होत असे. २०१० पासून तो आपोआप आत बसतो. पण घालताना 'इन्सर्ट' बटणाशेजारच्या बाणातून 'लिंक टु फाइल' निवडले, किंवा जुनीच फाइल वर्षानुवर्षे दुरुस्त करून वापरली, तर लिंक राहते. (आपल्याकडे दुसरा प्रकार जास्त!) उपाय मूळ संगणकावरच करावा लागतो. 'फाइल', 'इन्फो' येथे 'व्ह्यू लिंक्स' किंवा 'एडिट लिंक्स टु फाइल्स' उघडून एकेका व्हिडिओला 'ब्रेक लिंक' करावे. नावावरून लिंक तुटेल असे वाटते, प्रत्यक्षात व्हिडिओ फाइलमध्ये येतो. फाइल जड झाली तर तिथेच 'कॉम्प्रेस मीडिया'मधून ७२० पी हा चित्राचा दर्जा निवडावा. सभागृहाच्या पडद्याला तेवढे बहुधा पुरते.

लिंक ठेवायचीच असेल तर 'एक्सपोर्ट'मधील 'पॅकेज प्रेझेंटेशन फॉर सीडी' वापरावे. सीडी लागत नाही. 'कॉपी टु फोल्डर' केले की पीपीटी आणि व्हिडिओ एका फोल्डरमध्ये येतात. पाठवायचे ते हे अख्खे फोल्डर. झिप करून पाठवले, तर समोरच्याने आधी 'एक्स्ट्रॅक्ट' करावे. झिपच्या आतूनच पीपीटी उघडली की व्हिडिओ सापडत नाही.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो दाबून लहान केला जातो, शिवाय नावही बदलते आणि लिंक तुटते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. जीमेलची मर्यादा २५ एमबी. फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीची एक फाइल मावत नाही. आयफोनवर घेतलेले चित्रण पुष्कळदा एचईव्हीसी प्रकारचे असते, ते सभागृहातल्या विंडोजवर चालेलच असे नाही; एच.२६४ या प्रकारातली एमपी४ फाइल करून घ्यावी.

आयोजकांना विनंती, निमंत्रणपत्रातच 'फक्त पीपीटी नको, व्हिडिओ आत बसवलेली फाइल किंवा संपूर्ण फोल्डर आदल्या दिवशी द्यावे' असे लिहावे आणि प्रत्येक व्हिडिओ सभागृहाच्याच संगणकावर चालवून पाहावा. वक्त्याच्या लॅपटॉपवर घेतलेली चाचणी उपयोगाची नाही. तिथे तो चालणारच, मूळ फाइल तिथेच आहे.

– एक संगणक प्रशिक्षक, कॉलेज रोड, नाशिक