‘पेनकिलर’ म्हणजे नेमकी कुठली, ते तरी छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गरोदरपणात दुखण्यावरच्या स्ट्राँग गोळ्या घ्याव्यात का, यावर तुमच्या पुरवणीत आलेला लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. अख्ख्या लेखात ‘पेनकिलर’ हा एकच शब्द. पेनकिलर घातक, पेनकिलर टाळा, पेनकिलरने बाळाला धोका. अहो पण कुठली? आणि कितव्या आठवड्यात? हे दोन प्रश्न सोडून बाकी सगळं होतं त्यात.

माझ्या धाकट्या बहिणीची गोष्ट सांगते. २६वा आठवडा चालू होता, रात्री दीडच्या सुमाराला तिची उजवी कूस दुखायला लागली, आधी वाटलं बाळ पाय मारतंय, पण पंधरा मिनिटांत ती पलंगाचा कठडा धरून वाकून उभी, घामाने गाऊन भिजलेला, दोनदा उलटी झाली. मुतखडा होता हे नंतर कळलं. फोनवर ज्यांना विचारलं ते म्हणाले, या दिवसांत काही घ्यायचं नसतं, सकाळपर्यंत कळ काढा. आणि घरातल्याच एकाने अगदी मायेने स्वतःच्या कंबरदुखीची उरलेली गोळी आणून दिली. कात्रीने कापलेला स्ट्रिपचा तुकडा होता तो, नावाचा भाग कापला गेलेला, मागे नुसतं ‘५० एमजी’ आणि अर्धीमुर्धी एक्सपायरी. “अर्धीच घे, काही होत नाही.” मी तो तुकडा ट्यूबलाइटखाली धरून उलटसुलट करून बघत होते आणि ती म्हणत होती ताई, काहीही दे पण हे थांबव. मी दिली नाही. फार अक्कल होती म्हणून नाही हो, नाव दिसत नव्हतं म्हणून. नंतर डबा शोधला तर डायक्लोफिनॅक निघाली.

आता हे तुमच्या लेखात यायला हवं होतं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन, केटोरोलॅक ही सगळी एका घराण्यातली औषधं. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने, एफडीएने, ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं की २० आठवड्यांनंतर ही टाळा. कारण साधं आहे, तोवर गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाचीच लघवी असते, या गोळ्यांनी बाळाच्या किडनीचं काम मंदावलं तर पाणी कमी होतं. ३० आठवड्यांनंतर आणखी एक धोका, बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी जी जन्मल्यावर बंद व्हायची ती पोटातच आकसू शकते. दुसरं काही चालणारच नसेल आणि डॉक्टरांनी २० ते ३० आठवड्यांच्या मधे दिलीच तर कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस, आणि ४८ तासांच्या वर गेलं तर सोनोग्राफीत पाणी बघण्याचा विचार करा असंही त्यात आहे. कमी डोसची अ‍ॅस्पिरिन मात्र वेगळी, ती काही जणींना बीपीचा त्रास होऊ नये म्हणून मुद्दाम देतात, तेव्हा हे पत्र वाचून कुणी ती बंद करू नका प्लीज.

बहिणीला हॉस्पिटलमधे सोनोग्राफी झाली आणि मॉर्फिनचं इंजेक्शन दिलं. मॉर्फिन ऐकल्यावर आईचा चेहरा पांढराफटक. तिच्या मते डायक्लोफिनॅक ‘साधी गोळी’ आणि मॉर्फिन म्हणजे नशा. डॉक्टरांनी तिला शांतपणे सांगितलं, काकू, या आठवड्यांत ती साधी गोळीच मला जास्त नको आहे. हे मॉर्फिनच्या जातीचं औषध वारेतून बाळापर्यंत पोचतं, खोटं नाही, पण गरजेपुरते मोजके डोस, तेही आमच्या डोळ्यांसमोर, आणि कित्येक आठवडे रोज घेणं यात फार फरक आहे. आणि कळ तशीच सोसत ठेवली तर तिच्या पोटात ना पाणी ठरतंय ना अन्न, ते कुठे बाळाच्या भल्याचं आहे? आई गप्प झाली. खडा तिसऱ्या दिवशी पडला.

रोज घेण्यातला धोका मी कमी लेखत नाही. ट्रामाडॉल, कोडीन, मॉर्फिन ही एका जातीची औषधं बराच काळ चालू राहिली तर बाळाला जन्मल्यावर ते औषध अचानक मिळेनासं होतं आणि बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत त्रास सुरू होतो, बारीक चिरक्या आवाजात सतत रडणं, हातपाय थरथरणं, नीट न पिणं. पण म्हणून घाबरून आईने एका रात्रीत गोळी सोडायची नाही, त्यानेही धोका होऊ शकतो, डोस डॉक्टरांनीच बदलायचा. तुमच्या लेखात मात्र ‘ताबडतोब बंद करा’ असं ठळक अक्षरात चौकटीत होतं!! ती चौकट वाचून कुणी खरंच बंद केली असेल तर? बाळंतपणानंतरचं तर लेखात अवाक्षर नाही. कोडीनचं शरीरात मॉर्फिन होतं, काही जणींत ते फार झपाट्याने होतं आणि दुधातून बाळाकडे जास्त जातं, म्हणून एफडीएने २०१७ मध्ये अंगावर पाजणाऱ्या आयांना कोडीन आणि ट्रामाडॉल नको असं सांगितलं.

गरोदरपणात कुठलं औषध किती धोक्याचं हे अक्षरांत सांगणारा तो ए, बी, सी, डी, एक्सचा तक्ताही कुठून काढलात? १९७९ची ती अक्षरं एफडीएने २०१५ पासून नव्या लेबलांतून काढून टाकायला घेतली, कारण ‘सी’ म्हणजे काय ते डॉक्टरांनाही धड उमगेना. आणि बाळांमध्ये जन्मजात व्यंगं आणणाऱ्या थॅलिडोमाइडचा फोटो! ते झोपेचं औषध होतं, मळमळीवरही द्यायचे, पेनकिलर नव्हे. (त्याच्यावर संशय घेणारं मॅकब्राइड या डॉक्टरांचं छोटंसं पत्र डिसेंबर १९६१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनी छापलं होतं, तेव्हा पत्रांना जागा द्या जरा.)

पॅरासिटामॉलला एका ओळीत ऑटिझमशी जोडून मोकळे झालात. सप्टेंबर २०२५ पासून ते अमेरिकेतल्या नेत्यांच्या तोंडी आहे खरं, पण २०२४ मध्ये स्वीडनमधल्या जवळपास २४ लाख ८० हजार मुलांचा अभ्यास आला, त्यात सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर संबंध दिसला नाही. ताप अंगावर काढणं हेही काही बिनधोक नाही. फक्त एक बघा, पॅरासिटामॉलच्या नावाखाली ट्रामाडॉल किंवा डायक्लोफिनॅक जोडलेल्या गोळ्याही असतात, मग पाकिटावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि २० आठवड्यांनंतर डोकं जोरात दुखत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील तर गोळी शोधत बसू नका, आधी बीपी बघून घ्या.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापणार असाल तर तक्त्यात दोनच रकाने पुरेत, औषधाचं नाव आणि आठवडे. आणि ती ‘ताबडतोब बंद करा’वाली चौकट चुकीची होती हे तेवढ्याच ठळक अक्षरात छापा, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक