विमानाचा तुकडा जाळ्यात आला तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कसरती करताना एखादे हलके विमान कोसळले की दुसऱ्याच दिवशी ‘वैमानिकाचा ताबा सुटला’ असा मथळा येतो. विमानांच्या देखभालीत उमेदीची वर्षे घालवून मालवणला परतलेल्या माझ्यासारख्या तंत्रज्ञाला तो फार लागतो. ताबा का सुटला, हे शोधण्यासाठीच तर चौकशी असते. 23 जून 1980 रोजी दिल्लीत सफदरजंग विमानतळाजवळ पिट्स जातीचे दोन आसनी कसरतीचे विमान कोसळून संजय गांधी आणि कॅप्टन सुभाष सक्सेना गेले, त्याविषयीचे तर्कवितर्क आजही कानावर येतात.

प्रवासी विमानात ब्लॅक बॉक्स असतो, अशा दोन आसनी विमानात तो बहुधा नसतो. मग तपास करणाऱ्यांना अवशेषांवरच विसंबावे लागते. प्रोपेलरची पाती कशी वाकली आहेत यावरून इंजिन ताकद देत होते की नाही हे कळते. ओढ बसून तुटलेल्या केबलचे टोक केरसुणीसारखे पिंजारलेले असते. विमान उलटे झाले की आतली प्रत्येक सुटी वस्तू छताकडे जाते आणि नको तिथे अडकू शकते. एकदा आमचा वीतभर स्क्रूड्रायव्हर मोजणीत कमी भरला, तर तो आसनाखाली सापडेपर्यंत आम्ही विमान हँगरबाहेर काढले नव्हते.

मला मुख्यतः सांगायचे आहे ते धातूच्या तुटलेल्या कडेबद्दल. कसरतीत विमानावर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. असा भार वारंवार येऊन पंखाच्या तुळईला बारीक तडा गेला असेल आणि तो हळूहळू वाढत गेला असेल, तर तुटलेल्या भागावर एकाआड एक वळणदार रेषा उमटतात, अगदी ओहोटीचे पाणी पुळणीवर सोडून जाते तशा. एका झटक्यात तुटलेल्या धातूवर त्या नसतात. खारे पाणी मात्र या खुणा लवकर खाऊन टाकते, आणि आपल्या किनाऱ्यावर अपघात झाला तर अवशेष समुद्रातच असण्याची शक्यता अधिक. म्हणून रापणीत किंवा जाळ्यात असा तुकडा आला, तर तो वाळूने घासू नये, तुटलेल्या कडा एकमेकींना जुळवून पाहू नयेत, घरी तर मुळीच नेऊ नये. जागा नीट लक्षात ठेवून तटरक्षक दलाला 1554 या क्रमांकावर कळवावे.

हीच गोष्ट मोबाइलवर घेतलेल्या चित्रफितींची. 4 डिसेंबर 2023 च्या नौदल दिनाला तारकर्लीच्या किनाऱ्यावर किती हात मोबाइल धरून वर झाले होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. ब्रिटनमधील शोरम येथे 2015 साली हॉकर हंटर विमान वर जाऊन उलटे होत खाली येण्याची उभी गिरकी पूर्ण करू न शकल्याने रस्त्यावर कोसळले आणि 11 जण मृत्युमुखी पडले. ते जेट होते हे खरे. पण गिरकीच्या माथ्यावर त्याची उंची आवश्यकतेपेक्षा कमी होती, हे ठरवताना चित्रफितींचा मोठा उपयोग झाला. व्हॉट्सअॅपवर पुढे ढकललेली चित्रफीत दाबली जाऊन तिच्यातील तपशील हरवतात, तेव्हा मूळ फाइल तशीच जपून तपास करणाऱ्यांना द्यावी.

अशा अपघाताची बातमी देताना आपल्या दैनिकाने ही सूचना चौकटीत छापावी आणि अंतिम अहवाल येईल तेव्हा त्यालाही पहिल्या दिवसाच्या बातमीइतकीच जागा द्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त विमान तंत्रज्ञ, मालवण