पोळ्याआधी निघालो, त्याबद्दल

माग्देबुर्ग, जर्मनी

तीर्थरूप आई-बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर रोज बोलतो, मग हे पत्र काऊन, असं बाबा म्हणतीलच. फोनवर आई दुसऱ्या मिनिटाला "जेवला का" विचारते आणि बाबा "ठेव आता, बिल येईल" म्हणतात. बिल येत नाही हे पाच वेळा सांगून झालं. त्यात सांगायचं ते राहून जातं.

आधी खरं सांगतो. परीक्षा आहे म्हणून निघतो असं तुम्हाला सांगितलं होतं, पण परीक्षा नव्हती. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीच्या संध्याकाळी, आपल्या कबऱ्या बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळलं, हात धुतले न धुतले आणि गाडीत बसलो, ते परीक्षेसाठी नाही. माझ्या इथल्या राहण्याच्या कार्डाची मुदत पोळ्यानंतर चार दिवसांनी संपत होती. बाबा, तुम्ही ज्याला "जर्मनीचं आधार कार्ड" म्हणता आणि हरवू नये म्हणून सातबाऱ्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं होतं, तेच. (निघताना ते शोधायला आपण सगळं घर पालथं घातलं, आणि तुम्ही शांतपणे "मंग, ठेवलं ना बरोबर" म्हणालात. तेव्हा राग आला होता. आता एकटा असलो की आठवून हसू येतं.)

ते कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही हातात असले की नव्या व्हिसाशिवाय परत आत येता येतं. पण मी तिकडं असताना मुदत संपली असती तर मुंबईच्या जर्मन वकिलातीकडून नव्यानं व्हिसा काढावा लागला असता. त्यात किती आठवडे जातात ते पहिल्या वेळी तुम्ही पाहिलंच आहे. उन्हाळ्यात तिकीट काढताना मी मुदत बघितली, पण चार दिवस हाती राहतात म्हणून मनाची समजूत घातली. चूक माझी. आणि अजून एक कबूल करतो, नाहीतर तुम्ही हिशोब लावून पकडालच. पोळा फुटल्यावर रात्री निघालो असतो तरी वेळेत पोचलो असतो. पण भर पावसात नागपूरचं पहाटेचं विमान रद्द झालं असतं तर? दोह्यात पुढचं विमान चुकलं असतं तर? यवतमाळच्या पुढं गाडीच बंद पडली असती तर? कळंबला चिंतामणीपाशी तू थांबू म्हणालीस, आई, आणि मी "नाही" म्हणून तोडलं, तेही याच भीतीनं. मी घड्याळच बघत होतो. त्याची माफी तुझी आणि चिंतामणीची.

बर्लिनला उतरलो तर परदेशी लोकांची ही लांब रांग. काचेमागच्या माणसानं कार्ड उलटंपालटं केलं, तारखेवर बोट ठेवलं आणि वर बघितलं. तीन दिवसांनंतरच्या भेटीचा कागद छापून ठेवला होता, तो सरकवला. त्यानं शिक्का मारला, बस. तो शिक्का मारत होता तेव्हा आपल्याकडं बैल तोरणाखाली उभे राहायची वेळ झाली असेल, एवढंच डोक्यात होतं. कबऱ्याचं झूल यंदा कोणी बांधलं ते अजून कोणी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात गेलो. कार्डासाठी दोन्ही हातांच्या तर्जनीचे ठसे घेतात. त्या बाईंनी माझं बोट बघितलं, नखाच्या कडेला पिवळं होतं. त्यांनी ओला रुमाल पुढं केला. चोळलं, गेलं नाही. ठसे मात्र नीट उमटले. आता त्यांना काय सांगू, बाई, आमच्या घरच्या बैलाची हळद आहे म्हणून!

नवीन कार्ड बर्लिनच्या सरकारी छापखान्यातून येतं, सहा-आठ आठवडे तरी लागतील. तोवर एक घडीचा कागद दिलाय. त्यावर तीन चौकोन असतात, माझ्या तिसऱ्यावर खूण आहे. म्हणजे जुन्या कार्डाचे हक्क तसेच चालू, बाहेर जाऊन परतही येता येतं. दुसऱ्या चौकोनावर खूण असती तर बाहेर पडलो की संपलं. एका खुणेवर माणसाचं घरी जाणं अडतं, बघा.

आता जे लिहायला तीन दिवस टाळत होतो ते. दिवाळीला मी येत नाही. तिकीट काढलेलं नाही, काढणारही नाही. कागदावर येता येतं हे मीच वर लिहिलंय, म्हणून तुम्हाला वाटेल मंग काऊन. विमानतळावर चेक-इनला बसलेल्या प्रत्येकाला हा कागद ओळखू येत नाही. इथल्या एका पोराला दीड तास बाजूला उभं ठेवलं होतं. आणि त्याच दिवसांत माझा प्रबंध सुरू होतोय. नोकरीही आहे. इथं विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं, ते वाया घालवायचे नाहीत. राहायला महिन्याला 992 युरो आहेत हे मला दाखवावं लागतं. पहिल्या वर्षाची पूर्ण रक्कम तुम्ही कर्जातून उभी केलीत, तेव्हा बाबा आठ दिवस नीट जेवले नव्हते. मला माहीत नाही असं समजू नका. यंदा मी माझ्या पगारावर दाखवलं. ते जमलं, याचं मला फार बरं वाटतंय. तुम्हालाही वाटू द्या.

आणि खरं म्हणजे, दिवाळीत आलो असतो तर कापसाची वेचणी सुरू असताना तुम्हाला सोडून निघणं मला जमलं नसतं. एकदा निघून आलो तेवढं पुरे झालं सध्या.

माझी काळजी करू नका. खोली उबदार आहे, हीटर भिंतीतच आहे. तुरीची डाळ आणि ज्वारीचं पीठ इथल्या दुकानात मिळतं, भाकरी माझी अजून नकाशासारखी होते पण फुगते. जवसाची चटणी आणि मुगवड्या पुरवून खातोय. रात्री झोप येत नाही तेव्हा शकुंतला रेल्वेची शिट्टी आठवतो. लहानपणी दारव्ह्याला मामाकडं ती ऐकली की आई माझ्या कानावर पदर धरायची.

आता ऐका. बाबा, फवारणीला स्वतः जायचं नाही. जावंच लागलं तर मास्क, हातमोजे, चष्मा घालून, आणि वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून नाही. 2017 साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, त्यातल्या एकाच्या तेराव्याला तुम्हीच गेला होतात. अनवाणी वावरात जाऊ नका, साखरेच्या माणसाचा पाय लवकर बरा होत नाही. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी या महिन्यात करायची, रिपोर्टचा फोटो पाठवायचा, "नॉर्मल हाये" असं तोंडी चालणार नाही. आई, तू गुडघा दुखतो म्हणून सांगत नाहीस, पण व्हिडिओत जिन्याचा कठडा धरून चढतेस ते दिसतं मला. वरच्या खोलीत काही वाळत घालायचं नाही. रागावून लिहीत नाहीये. तुम्ही माझ्या तापात रात्र रात्र जागून काढल्या, मला इथून नुसतं लिहिताच येतं, म्हणून जरा जास्त लिहितो.

ऑक्टोबरच्या शेवटी इथलं घड्याळ एक तास मागं जाईल. मग साडेतीनऐवजी साडेचार तासांचा फरक पडेल. तुम्ही रात्री साडेआठलाच फोन करा, मी इथं चार वाजता चहा घेऊन बसेन.

वेचणीच्या सुरुवातीला सीतादहीची पूजा करून धुऱ्यावर दहीभात ठेवाल तेव्हा माझ्या वाट्याचा घास बाबांनी खायचा, साखर बघून.

तुमचा,
पोट्टा

ता. क. आई, तुपाची बरणी मी आणली नाही. दूध-तूप-लोणी बाहेरून इकडं आणायला बंदी आहे, सामान तपासलं तर काढून फेकतात. तुझ्यासमोर बॅगेतून काढायचा धीर झाला नाही. गव्हाच्या कोठीमागं, गोणपाटाखाली आहे. मुंग्या लागायच्या आत काढ.