विषय: नव्या आवृत्तीत मथळ्यांवर जाण्याचे शॉर्टकट मराठीत चालत नसल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

मी तुमच्या एडिटरची, म्हणजे मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅमची, वार्षिक वर्गणी भरतो. गृहनिर्माण संस्थांचे उपविधी, अहवाल असे लांबलचक मराठी मजकूर तपासून देणं हे माझं काम. प्रकरण, कलम, पोटकलम अशी उतरंड, आणि दिवसभर या कलमावरून त्या कलमावर. माऊसने मनगट धरतं, म्हणून तर तुमचा एडिटर घेतला.

नव्या आवृत्तीत पुढच्या मथळ्यासाठी कंट्रोल-जी दाबून सोडायचं, मग एन, मागच्यासाठी पी. इंग्रजी चालू असेल तर ठीक. पण इनस्क्रिप्ट या मराठी टंकलेखनाच्या कळरचनेत एनच्या कळीवर ल आहे आणि पीच्या कळीवर ज. तुमचा प्रोग्रॅम कळ कुठली दाबली ते बघत नाही, अक्षर कुठलं आलं ते बघतो. ते ओळखीचं नसलं की सरळ मजकुरात टाकून मोकळा होतो. ‘सभासद’चं ‘सभासलद’, ‘निवडणूक’चं ‘निवजडणूक’! उपविधींची अशी एक प्रत संस्थेकडे जाता जाता राहिली.

तुमच्या प्रतिनिधींचं उत्तर: ‘तात्पुरती इंग्रजी भाषा निवडा.’ म्हणजे ऑल्ट-शिफ्टने इंग्रजी, मग शॉर्टकट, मग पुन्हा ऑल्ट-शिफ्टने मराठी, आणि हे प्रत्येक मथळ्याला. त्यापेक्षा माऊस परवडला. सेटिंगमध्ये शॉर्टकट बदलायला गेलो तर तिथेही मराठी अक्षर घेत नाही. वर मी आधी लावून ठेवलेले शॉर्टकट अपडेटमध्ये पुसले गेले, ते वेगळंच.

इनस्क्रिप्ट ही काही माझी घरगुती रचना नव्हे. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१च्या आयएस १३१९४ या मानकात ती आहे. इमॅक्स या दुसऱ्या एडिटरमध्ये मथळ्यांची उतरंड हाताळायला ऑर्ग मोड आहे, त्यात कंट्रोल-सी, कंट्रोल-एनने पुढचा मथळा येतो, कंट्रोल-सी, कंट्रोल-यूने वरच्या पातळीचा. इमॅक्समधलंच इनस्क्रिप्ट लावलं की मजकूर मराठीत उमटतो आणि या आज्ञाही चालू राहतात. तो एडिटर फुकट मिळतो, तुम्ही पैसे घेता.

तरी शॉर्टकट अक्षराला न बांधता कळीच्या जागेला बांधावेत, न ओळखलेली कळ मजकुरात टाकू नये, आणि दुरुस्ती होईपर्यंत जुनी आवृत्ती पुन्हा बसवण्याची सोय द्यावी. ती देता येत नसेल तर उरलेल्या मुदतीची वर्गणी परत करावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन.

अडचण दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग सोबत जोडलं आहे.

आपला,
एक वर्गणीदार