'जायला'तला 'ला' कुठं लिहायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत इंग्रजी व्याकरणाचं सदर येतं. मागच्या आठवड्यात त्यात मोडल ऑक्झिलरींचा, म्हणजे मुख्य क्रियापदाला अर्थाची छटा देणाऱ्या सहायक क्रियापदांचा, तक्ता होता. 'कॅन' म्हणजे क्षमता, 'मे' म्हणजे परवानगी, 'मस्ट' म्हणजे सक्ती, 'शुड' म्हणजे सल्ला. तक्ता बरोबर आहे. बारावीच्या पेपरात अमुक अर्थाचं मोडल वापरून वाक्य पुन्हा लिहायला सांगतात, तेव्हा मुलांना तो कामालाही येईल. पण मराठी माध्यमाच्या शाळेत ३१ वर्षं इंग्रजी शिकवल्यावर मला खात्रीनं सांगावंसं वाटतं, की मुलं मोडलच्या अर्थापाशी फारशी अडत नाहीत. ती अडतात त्याच्या पुढच्या शब्दाशी, आणि तिथं काय येतं याबद्दल तक्त्यात एक ओळही नव्हती.

आठवीतल्या एका मुलीनं निबंधात लिहिलं होतं, 'आय मस्ट टू गो होम'. मी सवयीनं 'टू'वर लाल रेघ मारली. ती वही घेऊन टेबलापाशी आली आणि म्हणाली, "बाई, 'मला जायला पाहिजे' ना? मग 'जायला'तला 'ला' कुठं लिहू?" तोवर अशा चुका मी निष्काळजीपणाच्या खात्यात टाकत होते. त्या मुलीनं तर शब्दाला शब्द लावून काटेकोर भाषांतर केलं होतं, आणि 'टू' म्हणजे 'ला' हे तिला आम्हीच शिकवलेलं होतं.

त्या दिवसापासून मी वह्या वेगळ्या नजरेनं तपासू लागले. 'मस्ट टू' आणि 'शुड टू' पानोपानी सापडायचे, 'कॅन टू' मात्र क्वचित. कारण 'जाऊ शकते'मध्ये 'ला' नाहीच. तिथं वेगळी अडचण असते. आपलं 'शकणे' कर्त्याप्रमाणे फिरतं, शकतो, शकते, शकतात. म्हणून मुलं 'ही कॅन्स' लिहितात, नाहीतर तो 'एस' पुढच्या शब्दाला लावून 'शी कॅन गोज' करतात. 'शकेल'साठी 'विल कॅन' लिहितात. प्रमाण इंग्रजीत दोन मोडल शेजारी बसत नाहीत, म्हणून तिथं 'विल बी एबल टू' म्हणावं लागतं आणि 'मस्ट'च्या जागी 'विल हॅव टू'. हे मुलांना परकं वाटायचं कारण नाही. प्रमाण मराठीत 'पाहिजे'लाही भविष्यकाळ नाही. उद्याचं बोलायचं तर आपण 'जावं लागेल' म्हणतो. वर्गात हे एकदा फळ्यावर मांडलं, की मुलं मान डोलावतात.

'ही कॅन'ला 'एस' का नाही, असंही मुलं विचारतात. 'नियमच आहे' हे उत्तर मला कधी पटलं नाही. 'कॅन', 'मे', 'शॅल' ही फार जुन्या जर्मानिक भाषेतली मुळात भूतकाळाची रूपं. 'ही सँग'ला जसा 'एस' लागत नाही, तसा यांनाही लागला नाही. पुढे अर्थ वर्तमानाचा झाला, पण रूप तसंच राहिलं. 'कॅन'चा मूळ अर्थ 'जाणणे' आणि आपल्या 'जाणणे'शी, संस्कृत 'ज्ञा' धातूशी, त्याचं नातं आहे, हे ऐकून वर्ग शांत झालेला मी पाहिला आहे. आपल्या 'पाहिजे'ची गोष्टही अशीच. कीजे, बोलिजे यांच्या घराण्यातलं ते जुनं कर्मणी रूप, म्हणूनच मला, तुला, त्याला, सगळ्यांना 'पाहिजे'च.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो मोडल, क्रियापद आणि प्रिपोझिशन ('ऑन', 'फॉर', 'ॲट'सारखा शब्द) असे तिघं एका वाक्यात आले की. एका माजी विद्यार्थ्यानं नोकरीचा अर्ज मला दाखवायला आणला होता. चांगला, मेहनती मुलगा. 'माझ्यावर भरवसा ठेवता येईल' या अर्थानं त्यानं लिहिलं होतं, 'आय कॅन बी रिलाइड'. 'ऑन' कुठं गेलं, असं विचारल्यावर म्हणाला, "लिहिलं होतं, मग खोडलं. 'ऑन' म्हणजे 'वर'. पण कुणावर? पुढं कुणीच नाही." मराठीच्या दृष्टीनं त्याचं चुकलं नव्हतं. आपलं शब्दयोगी अव्यय नामाला चिकटून राहतं, माझ्यावर, घराकडे, तिच्यासाठी. नाम गेलं की तेही गेलं. इंग्रजीत 'ऑन'ची सोयरीक जडली आहे ती 'रिलाय'शी. कर्म उठून वाक्याच्या तोंडाशी जाऊन बसलं, तरी 'ऑन' क्रियापदाची पाठ सोडत नाही. 'द डॉक्टर मस्ट बी सेंट फॉर.' 'द चाइल्ड शुड बी लुक्ड आफ्टर.' 'ही शुड नॉट हॅव बीन लाफ्ट ॲट', म्हणजे 'त्याला कुणी हसायला नको होतं'. शेवटचं ते एवढंसं 'ॲट' म्हणजेच आपल्या 'त्याला'मधला 'ला'. ते गाळलं, तर वाक्य लंगडं पडतं.

आणि प्रिपोझिशन ठरवतं ते मुख्य क्रियापद. 'कॅन लिसन टू', 'मस्ट लिसन टू', 'शुड हॅव लिसन्ड टू', मोडल कितीही बदला, 'टू' तसाच राहतो. 'डिस्कस'ला प्रिपोझिशन लागतच नाही, म्हणून 'वी मस्ट डिस्कस अबाउट' चुकीचं. ते 'अबाउट' आपल्या 'याबद्दल चर्चा'तून आलेलं असतं.

त्या आठवीतल्या मुलीच्या वाक्यासारखंच दिसणारं एक वाक्य शेक्सपिअरच्या हॅम्लेटच्या तोंडी आहे, 'आय मस्ट टू इंग्लंड'. तिथला 'टू' मात्र 'इंग्लंड'चा आहे, 'गो' अध्याहृत आहे. तेव्हाच्या इंग्रजीत मोडलनंतर दिशा सांगितली तरी भागत असे. आजच्या इंग्रजीत भागत नाही. शिवाय या चुका आपलीच मुलं करतात असंही नाही. 'शुड हॅव' भरभर बोलताना 'शुड ऑव्ह' ऐकू येतं, म्हणून इंग्रजी मातृभाषा असलेली मुलंसुद्धा तिथं 'ऑव्ह' हे प्रिपोझिशन लिहून मोकळी होतात.

परीक्षेपलीकडचंही एक उदाहरण सांगते. आमच्या शेजारच्या आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत एक छापील सूचना होती, 'यू मस्ट नॉट स्टॉप द टॅब्लेट्स'. कॉलेजात शिकणाऱ्या नातवानं ती वाचली. 'मस्ट' म्हणजे पाहिजे, 'नॉट' म्हणजे नाही, म्हणून त्यानं अर्थ लावला, 'बंद केल्याच पाहिजेत असं नाही'. म्हणजे केल्या तरी चालतील. आजोबांनी चार दिवस गोळी घेतली नाही. 'मस्ट नॉट' म्हणजे 'बंद करू नयेत', 'करता कामा नये'. नातवानं लावलेला अर्थ 'नीड नॉट'चा. 'नये' आणि 'गरज नाही' यांतला फरक आपल्या घरात लहान पोरालाही कळतो. तोच इंग्रजी शिकवताना कुणी जोडून दाखवलेला नसतो.

'मस्ट हॅव गॉन'चा अर्थ मुलं 'जायलाच पाहिजे होतं' असा लावतात, खरा अर्थ 'गेला असणार'. 'यूज्ड टू'चंही तेच. 'आय यूज्ड टू गेट अप अर्ली' म्हणजे 'मी लवकर उठायचे', आणि 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली' म्हणजे 'मला लवकर उठायची सवय आहे'. दुसऱ्यातला 'टू' प्रिपोझिशन, म्हणून पुढं 'गेटिंग'. दोन्ही मराठी वाक्यं शेजारी ठेवली, तर वेगळी फोड करावीच लागत नाही.

२००० सालापासून आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचंच नाही, हा आग्रहही पुष्कळ ठिकाणी दिसतो. मला तो मान्य नाही. चूक मराठीच्या वाटेनं येत असेल, तर तिला गाठायलाही त्याच वाटेनं जावं लागतं.

म्हणून विनंती अशी, की सदरात पुन्हा मोडल घ्यावेत. प्रत्येकाचं एक पूर्ण वाक्य द्यावं, मोडलच्या पुढचं क्रियापद आणि त्याचं प्रिपोझिशन ठळक छापावं आणि शेजारी आपण घरात बोलतो तसं मराठी वाक्य द्यावं. मुलांच्या निबंधांतून उतरवून घेतलेल्या अशा वाक्यांच्या दोन वह्या माझ्याकडे आहेत. त्यांत कुणाचंही नाव नाही. सदर लिहिणाऱ्यांना हव्या असतील, तर लगेच पाठवीन.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका,
जि. सातारा